गोबरगॅसचा न मोजलेला हिस्सा

कागल तालुक्यातल्या आमच्या घरामागे, गोठ्याला लागून, विटांचा एक अर्धा पुरलेला घुमट आहे. दोन घनमीटर क्षमतेचा हा गोबरगॅस आबांनी १९८६ साली बांधून घेतला. तेव्हा मी शाळेत होतो. पहिल्या दिवशी शेगडीवर निळी ज्योत पेटली तेव्हा शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या होत्या. जन्मभर शेणी थापलेली माझी आजी बराच वेळ ज्योतीकडे पाहत राहिली. मग बाहेर जाऊन तिने खड्ड्यातून निघालेली रबडी पाहिली आणि म्हणाली, “धूर न्हाई, राख न्हाई, आन् शेण हाय तेवढंच! मग जळलं काय?”

त्या दिवशी सगळे हसले. मीही हसलो. पण गेली काही वर्षे बायोगॅसच्या इतिहासाची कागदपत्रे, जुनी पुस्तके आणि अहवाल चाळताना आजीचा प्रश्न मला सोडत नाही. मी पेशाने सहकारी संस्थेतला हिशेबनीस. विज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले ते नोकरी सांभाळून, करवीर नगर वाचन मंदिरात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचले. मात्र जमेचे आणि खर्चाचे रकाने जुळतात की नाही हे पाहण्याची सवय हाडीमाशी खिळलेली आहे. शेणापासून, प्रेसमडपासून गॅस करायचा आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत गाडायचा, म्हणजे हवेतला कार्बन कमी होईल, असा विचार आज जगभर मांडला जात आहे. तो वाचताना मला वाटले, आपल्याकडे या गॅसचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात हिशेब कसा ठेवला गेला, हे आधी पाहावे.

माटुंग्याची टाकी

भारतातील बायोगॅसचा इतिहास सांगताना एक वाक्य देशी-विदेशी पुस्तकांत पुन्हापुन्हा येते: जगातले पहिले संयंत्र १८५९ साली मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उभे राहिले. हे साल बरोबर असू शकत नाही. ती वसाहत, म्हणजे माटुंग्याचे कुष्ठाश्रम, स्थापन झाले १८९० साली. आज ते वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून ओळखले जाते. आश्रमच नव्हता तर त्याची टाकी कुठून असणार? तेथील मैल्याच्या टाकीतून गॅस गोळा होऊ लागला तो १८९७ च्या सुमारास, आणि पुढे त्या गॅसवर इंजिनही चालवले गेले. एकाने चुकीचे साल लिहिले, पुढच्यांनी ते उतरवून घेतले. या विषयात आकडे तपासून न घेण्याची परंपरा पहिल्या आकड्यापासूनच आहे, असे म्हणावे लागते.

या आश्रमाशी मराठी वाचकाचे एक वेगळेच नाते आहे. तो ज्यांच्या पुढाकाराने उभा राहिला ते मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध करणारे अ‍ॅक्वर्थसाहेब. आपल्या वाङ्मयेतिहासात त्यांचे नाव पोवाड्यांसाठी घेतले जाते आणि बायोगॅसच्या इतिहासात त्यांच्या आश्रमाचे. दोन्हीकडचे लोक एकमेकांची पुस्तके वाचत नाहीत, म्हणून हा दुवा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

माटुंग्यात गॅस हा हेतू नव्हता. हेतू होता मैल्याची विल्हेवाट. साधारण त्याच वेळी, १८९५ च्या सुमारास, इंग्लंडमधील एक्झेटर येथे डोनाल्ड कॅमेरॉन यांनी सेप्टिक टँक बांधला आणि त्यातल्या गॅसवर दिवे लावले. दोन्हीकडे गॅस हा वरकड लाभ होता. सांडपाणी स्वच्छ झाले की काम फत्ते.

खतासाठी, मग चुलीसाठी

दुसरा हेतू आला खताचा. १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. व्ही. देसाई यांनी शेण हवाबंद कुजवून गॅस मिळवण्याचे प्रयोग केले. त्यामागची चिंता शेतीची होती. आपण शेणी थापून जाळतो आणि जमिनीचे खत चुलीत घालतो. शेणातला गॅस काढून घेतला तरी नत्र, स्फुरद, पालाश रबडीत राहतात. आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. जळतो तो शेणातल्या कार्बनचा एक हिस्सा, मिथेन बनून. पिकाला लागणारे बाकीचे शेणातच राहते.

पुढे जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचे संयंत्र तयार केले. त्यातूनच खादी व ग्रामोद्योग आयोगाचे तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र आले. ही टाकी गॅस भरला की वर येते, वापरला की खाली जाते. गॅस किती आहे हे घरातल्या बाईला न विचारता दिसे. गॅसचा साठा डोळ्यांनी मोजता येईल अशी ही एकमेव रचना होती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मात्र लोखंड गंजायचे आणि टाकी महाग पडायची.

आमच्या घाटाखाली, कणकवलीच्या गोपुरीत, अप्पासाहेब पटवर्धन याच काळात संडास आणि खत यांचा संसार मांडत होते. भंगीमुक्तीच्या ध्यासातून ते मैल्याच्या गॅसकडे वळले. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन डॉ. सुहास मापुसकर यांनी देहूत संडासाला जोडलेली बायोगॅस संयंत्रे उभी केली आणि आयुष्यभर त्यांची देखभाल करायला लोकांना शिकवले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मापुसकरांच्या कामातली खरी शिकवण देखभालीची आहे, असे माझे मत आहे. बांधकाम कुठलाही गवंडी करतो.

तिसरा हेतू आला १९७३ च्या तेलसंकटानंतर: इंधन. विटांच्या स्थिर घुमटाचे ‘जनता’ संयंत्र १९७८ मध्ये आणि त्याची स्वस्त आवृत्ती ‘दीनबंधू’ १९८४ मध्ये आली. १९८१-८२ पासून राष्ट्रीय बायोगॅस प्रकल्प सुरू झाला आणि अनुदान मिळू लागले. आजवर देशात सुमारे ५० लाख घरगुती संयंत्रे बांधली गेली. पण अनुदान मिळे ते संयंत्र बांधल्याबद्दल, गॅस वापरल्याबद्दल नव्हे. जे मोजले जाते तेच होते, हा हिशेबनीसाचा जुना अनुभव. संयंत्रे मोजली, म्हणून संयंत्रे झाली.

आमचे संयंत्र यातलेच. आठ-नऊ वर्षे त्याने दोन वेळचा स्वयंपाक केला. मग ज्योत बारीक होऊ लागली. घुमटाला बारीक भेग गेली होती. दुरुस्तीला कोणी आले नाही, आणि पुढे सिलिंडर आला. पण आबांनी शेण घालणे थांबवले नाही, कारण रबडी उसाला मानवायची. उन्हाळ्यात त्या कोपऱ्यातून वास यायचा. आजी म्हणायची, “वास येतोय म्हंजे गॅस हाय की!” तिचे म्हणणे खरे होते. गॅस होता, फक्त शेगडीकडे येत नव्हता. पुढे एका कार्यालयातली जुनी नोंदवही पाहण्याची संधी मिळाली. तिच्यात आमच्या संयंत्रापुढे शेरा होता: ‘चालू’. मी तो शेरा खोटा मानत नाही. संयंत्र चालूच होते. ते रोज मिथेन तयार करून आकाशात सोडत होते.

कारखान्यांच्या वाटेने

चौथा हेतू आमच्या जिल्ह्यात नदीने आणला. साखर कारखान्यात मळीपासून मद्यार्क केला की दर लिटरमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. काळपट, उग्र वासाचा हा द्रव नदीत गेला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. पंचगंगेकाठच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानंतर या द्रवावर प्रक्रिया करणे भाग पडत गेले आणि १९८० च्या दशकापासून डिस्टिलरींत मोठे डायजेस्टर उभे राहिले. ते सुरू करताना पहिले विरजण बहुधा शेणाचेच असते. त्यातला गॅस बॉयलरला जातो. इथेही मूळ हेतू गॅसचा नव्हता, पाण्याचा होता.

पाचवा हेतू आताचा, हवामानाचा. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सतत’ योजना जाहीर केली. २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्प आणि वर्षाला दीड कोटी टन कॉम्प्रेस्ड बायोगॅस, म्हणजे सीबीजी, असे तिचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात २०२३ संपले तेव्हा या योजनेतील चालू प्रकल्प शंभराच्या आतच होते. आता शहर गॅस कंपन्यांना २०२५-२६ पासून एक टक्का आणि २०२८-२९ मध्ये पाच टक्के सीबीजी मिसळण्याचे बंधन घातले आहे, त्यामुळे वेग वाढेल. आमच्या वारणा खोऱ्यात कोडोली येथे वारणा कारखान्याच्या प्रेसमडपासून गॅस करून, तो शुद्ध करून सिलिंडरमध्ये भरण्याचा प्रकल्प ‘सतत’च्या आधीच उभा राहिला होता.

प्रेसमड म्हणजे उसाचा रस निवळताना उरणारा गाळ. शंभर टन उसामागे तो तीन ते चार टन निघतो. दिवसाला ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात रोज दीडशे ते दोनशे टन. पूर्वी सभासद तो बैलगाडीने, मग ट्रॅक्टरने शेतात नेत. आता त्यातून गॅस निघाल्यावर उरलेले खत आपल्याला परत मिळणार का आणि कोणत्या भावाने, हा प्रश्न सभासद वार्षिक सभेत विचारतात. तो रास्त आहे. ऊस त्यांचा, जमीन त्यांची.

उरलेला चाळीसावा नव्हे, चाळीस टक्के

आता मुख्य मुद्दा. बायोगॅस म्हणजे निव्वळ मिथेन नव्हे. शंभर भागांत साधारण साठ भाग मिथेन आणि जवळजवळ चाळीस भाग कार्बन डायऑक्साइड असतो, शिवाय थोडा हायड्रोजन सल्फाइड, ज्याला सडक्या अंड्याचा वास येतो. घरच्या शेगडीला हे मिश्रण चालते. वाहनाला चालत नाही. भारतीय मानकानुसार सीबीजीत किमान ९० टक्के मिथेन लागतो. म्हणून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढावाच लागतो.

एक पद्धत अगदी सोड्याच्या बाटलीसारखी आहे. दाबाखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळतो, मिथेन फारसा विरघळत नाही. मिथेन वरून निघून जातो. मग दाब काढून पाण्यातून हवा फुंकली की विरघळलेला वायू बाहेर पडतो. दुसऱ्या पद्धतींत तो पातळ पडद्यांनी गाळून किंवा सच्छिद्र पदार्थावर शोषून वेगळा करतात. पद्धत कोणतीही असो, बहुतेक ठिकाणी शेवटी हा वायू हवेत सोडला जातो.

यातली गंमत लक्षात घ्या. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड बाराएक टक्केच असतो, तो त्या धुरातून ओढून काढणे महागाचे काम. इथे मात्र गॅस शुद्ध करण्याच्या कामातच तो वेगळा होतो. पडद्यांची पद्धत असेल तर चांगला दाटही मिळतो. डिस्टिलरीत आंबवताना तर तो जवळजवळ शुद्धच निघतो. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम मद्यार्क आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, जवळजवळ निम्मानिम्मा. काही डिस्टिलरी तो भरून शीतपेयांना आणि ड्राय आइसला विकतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वाळूचे कोअर घट्ट करायला आणि वेल्डिंगला हाच वायू लागतो. पण सोड्यातला वायू ढेकरेबरोबर हवेत जातो. विकणे आणि गाडणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

गाडला तर काय होते? उसातला किंवा गवतातला कार्बन गेल्या एक-दोन वर्षांत हवेतूनच आलेला असतो. तो जाळला तर हवेचे हवेला परत. त्यातला चाळीस टक्के हिस्सा कायमचा जमिनीत ठेवला तर हवेतून तेवढा वजा होतो. कोळशाच्या धुरातला वायू गाडून नवीन भर थांबते. इथे जुनी शिल्लक कमी होते. हिशेबाच्या भाषेत, एकात खर्च टळतो, दुसऱ्यात कर्ज फिटते.

गाडायचा कुठे?

हे कागदावरचे नाही. स्वित्झर्लंडमधील बर्नच्या सांडपाणी केंद्रात बायोगॅस शुद्ध करताना निघालेला कार्बन डायऑक्साइड २०२२ मध्ये द्रवरूप करून आइसलँडला नेला आणि तिथल्या बेसॉल्ट खडकात सोडला. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला वायू जमिनीत सोडून पाहिला होता. दोन वर्षांच्या आत ९५ टक्के वायू चुनखडीसारख्या खनिजात बदलल्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बेसॉल्टमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह त्याला बांधून टाकतात.

बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. सह्याद्री, पन्हाळा, जोतिबा, आपल्या घरांची जोती, सगळे त्याचेच. तेव्हा आपल्याकडे गॅसही आहे आणि खडकही आहे, असे उत्साहाने म्हणावेसे वाटते. मीही काही महिने तसेच म्हणत होतो. दोन गोष्टींनी मला थांबवले.

पहिली, पाणी. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे पंचवीस टन पाणी लागते. जिथे उसाच्या पाण्यावरून भाऊबंदकी होते तिथे हे पाणी कुठून आणायचे, हे आधी ठरवावे लागेल. अमेरिकेत वॉलुला येथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू पाण्यात न विरघळवता बेसॉल्टमध्ये सोडला गेला. म्हणजे दुसरी वाट आहे, पण तिचा अनुभव अजून थोडा आहे.

दुसरी, कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आमच्या घरातल्या मोठ्यांनी अंगणात उभे राहून काढला होता. धरणातल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतात, याचे जगातले सर्वांत अभ्यासलेले ठिकाण आपल्या शेजारी आहे. तिथे वैज्ञानिकांनी तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतले, तेव्हा वरचा बेसॉल्ट साधारण सव्वा किलोमीटर जाड आणि खाली ग्रॅनाइटचा पाया असल्याचे दिसले. अशा भूमीत दाबाने द्रव सोडण्याआधी कोणती जागा, किती खोल, किती दाब, हे वर्षानुवर्षे तपासायला हवे. खडक काळा आहे एवढे पुरेसे नाही.

गळतीचा हिशेब

आता आमच्या भेगाळलेल्या घुमटाकडे परत येतो, कारण हिशेबाची खरी मेख तिथे आहे. एक घनमीटर बायोगॅस घेऊ. त्याला साधारण २५ किलो शेण लागते. त्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे पाऊण किलो आणि मिथेन सुमारे ४०० ग्रॅम. समजा, आपण पाऊण किलो सगळा पकडून गाडला. पण मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. म्हणजे २६-२७ ग्रॅम मिथेन गळला की पाऊण किलो गाडल्याचे पुण्य संपले. ४०० ग्रॅममध्ये २६-२७ ग्रॅम, म्हणजे साडेसहा टक्के. शंभर रुपयांतले साडेसहा रुपये खिशाच्या भोकातून पडले तर बाकी शून्य. गॅस दाबायला आणि वायू द्रवरूप करायला लागणारी वीज कोळशाची असेल तर भोक त्याहून लहान असले तरी पुरते.

अमेरिकेतल्या मोठ्या डेअऱ्यांत शेण पाण्याने वाहून तळ्यात साठवतात. त्या तळ्यातून मुळातच भरपूर मिथेन निघत असतो, म्हणून तो पकडल्याचे मोठे श्रेय तिथे मिळते. आपल्या उकिरड्यावर शेण बरेच कोरडे आणि हवेत असते. वाळलेल्या शेणीतून मिथेन जवळजवळ निघतच नाही. तेव्हा तिकडचे आकडे इथे उतरवून घेतले तर ते माटुंग्याच्या १८५९ सारखेच होईल. उलट हेही खरे, की स्पेंटवॉशच्या उघड्या तळ्यांतून आणि साठवलेल्या ओल्या प्रेसमडच्या ढिगांतून मिथेन निघतो. तिथे बंद डायजेस्टरचा फायदा पक्का आहे. म्हणून माझ्या मते कार्बन गाडण्याचा पहिला प्रयोग कारखान्यात व्हावा, गोठ्यात नव्हे. तिथे वायू एका जागी, मोठ्या प्रमाणात आणि दाट मिळतो, आणि मोजणारा माणूस पगारावर असतो.

सव्वाशे वर्षांत या गॅसचे हेतू पाचदा बदलले: मैला, खत, चूल, नदी, हवा. प्रत्येक वेळी ज्याच्यासाठी संयंत्र बांधले तेवढेच मोजले गेले, बाकीचे वाऱ्यावर. या खेपेला वाऱ्यावर जाणारेच मोजायचे आहे, आणि त्याची सवय आपल्याला नाही. प्रकल्पाच्या फलकावर क्षमता लिहिलेली असते. त्याखाली आणखी चार ओळी असाव्यात: गेल्या महिन्यात किती गॅस झाला, किती विकला, किती वायू पकडला, किती मिथेन गळला. आणि शेतकऱ्याच्या शेणावर, उसावर कोणी कार्बन क्रेडिट घेणार असेल तर पाचवी ओळ: त्यातले सभासदाला किती मिळाले.

गेल्या उन्हाळ्यात मी गावातल्या गवंड्याला बोलावून घुमट रिकामा केला, आतून गिलावा करून घेतला. मग नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहिला. एका सांध्यावर बुडबुडे आले. तो सांधा बदलला. आता गोठ्यात दोनच म्हशी आहेत, त्यामुळे सकाळचा चहा आणि अंघोळीचे पाणी एवढाच गॅस मिळतो. एका वहीत मी रोज शेगडी किती मिनिटे जळली ते लिहितो आणि महिन्यातून एकदा साबणाचा फेस लावतो. आजी आता नाही. असती तर वही तिला वाचून दाखवली असती. जळलं काय, हे तिला आता सांगता आले असते, आणि न जळता किती गेले, तेही.